पाण्याच्या बोगद्यासाठी जागेची पर्यावरण तपासणी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) शहराच्या हद्दीत आहेत, बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत. हे पाणी आणायला पूर्वी जमिनीवरून मोठ्या जलवाहिन्या टाकल्या. पुढे त्यांना खेटून वस्त्या झाल्या, पत्रा गंजला, गळती आणि चोरी वाढली, आणि दुरुस्तीसाठी खणायला जागाच उरली नाही. म्हणून गेली चार दशकं महापालिका खडकातून बोगदे काढते आहे. चेंबूरला अमर महालजवळच्या हेडगेवार उद्यानातून ट्रॉम्बेकडे जाणारा सुमारे साडेपाच किलोमीटरचा बोगदा आणि तिथूनच वडाळ्याच्या प्रतीक्षा नगरमार्गे परळच्या सदाकांत ढवण मैदानापर्यंत जाणारा सुमारे ९.७ किलोमीटरचा बोगदा हे त्यातले अलीकडचे दोन. खोली १०० ते ११० मीटर.

स्थापत्य, भूशास्त्र किंवा पर्यावरण शिकून नुकतेच सल्लागार संस्थेत किंवा ठेकेदाराकडे लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं मुंबईची आहेत, पद्धत कुठल्याही शहरात चालेल.

नव्या माणसाला वाटतं की शंभर मीटर खाली, काळ्या पाषाणात काम चाललंय, वरच्या माणसांना आणि झाडांना त्याचं काय? तसं नसतं. दगड, पाणी, धूळ, आवाज, डंपर हे सगळं शाफ्टच्या, म्हणजे बोगद्यापर्यंत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, तोंडातून वर येतं, आणि ते तोंड एखाद्या बागेत, मैदानात किंवा वस्तीला लागून असतं. लांबीच्या मानाने शाफ्टची जागा नगण्य असते, तरी तपासणीतला निम्म्याहून अधिक वेळ तिथे गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दुसरं लक्ष भूजलावर. या दोन गोष्टी नीट झाल्या तर बाकीचं जमतं.

१. आराखडा हाती आला की आधी आकडेमोड

आराखड्यावर एक रेघ आणि दोन-तीन वर्तुळं दिसतात. रेघ म्हणजे बोगदा, वर्तुळं म्हणजे शाफ्ट. जागेवर जाण्याआधी या रेघेतून किती दगड वर येणार ते काढा. अमर महालच्या बोगद्यांचा खोदाईचा व्यास सुमारे ३.२ मीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस मीटर. साडेपाच किलोमीटरला साधारण ४४,००० घनमीटर घट्ट खडक होतो. फुटलेला खडक जागा जास्त व्यापतो, त्यामुळे दीडपट धरा: ६६,००० घनमीटर. डंपरमध्ये दहा घनमीटर मावतात असं मानलं तर ६,६०० फेऱ्या, आणि रिकाम्या परतीसकट रस्त्यावरून १३,२०० वेळा डंपर जाणार.

आता हे दिवसावर आणा. बोगदा खोदणारं यंत्र महिन्याला ४०० मीटर पुढे गेलं तर दिवसाला साधारण १६ फेऱ्या भरतात, ६०० मीटर गेलं तर २४. मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच फेऱ्या रात्री होणार. या एका आकड्यावरून रस्ता, धूळ, रात्रीचा आवाज, शाळेसमोरचं वळण, असे तुमचे पुढचे अर्धे प्रश्न ठरतात.

शाफ्टचा हिशोब वेगळा करा. दहा मीटर व्यासाचा आणि ११० मीटर खोल शाफ्ट म्हणजे सुमारे ८,६०० घनमीटर घट्ट खडक. शाफ्ट यंत्राने नाही, सुरुंगाने खोदतात. म्हणजे हादऱ्यांचा सगळा प्रश्न बोगद्याच्या लांबीत नसून या पहिल्या काही महिन्यांत, या एका जागी आहे. ठेकेदाराचा कार्यक्रम मागवून ते महिने दिनदर्शिकेवर मांडा आणि त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा येतात का ते बघा. लोक हाच प्रश्न आधी विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

२. कोणती परवानगी लागते, कोणती नाही

केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेच्या परिशिष्टात पाणीपुरवठ्याच्या बोगद्याची स्वतंत्र नोंद नाही. त्यामुळे अनेक प्रकल्पांत "पर्यावरण मंजुरी लागत नाही" एवढं एक वाक्य लिहून विषय संपवला जातो. त्या वाक्याने फाइल पुढे सरकते, जमीन आणि पाणी मात्र तपासलं जात नाही. मंजुरी लागत नसली तरी तपासणी लागते. जागतिक बँक किंवा जपानच्या जायकासारखी संस्था कर्ज देत असेल तर तिच्या स्वतःच्या अटी असतात आणि त्या बऱ्याच कडक असतात.

शिवाय इतर कायदे आहेतच. बोगदा वनजमिनीखालून जात असेल तर वर एकही झाड तुटत नसलं तरी १९८० च्या वन कायद्याखाली परवानगी लागते. महापालिकेचं भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालं. त्या पट्ट्यात शाफ्ट येत असेल तर रात्रीचे दिवे आणि कुंपण यांचाही विचार करा, बिबट्या तिथे खरोखर फिरतो. खाडीजवळ किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे बघा. कांदळवनासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल वाचलाच पाहिजे: कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा सार्वजनिक हिताखेरीज कशासाठीही वापरता येत नाही, आणि त्यासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. महापालिकेने आखलेल्या येवई–कशेळी–मुलुंड बोगद्यासारख्या रेघा खाडीजवळून जातात, तिथे हा मुद्दा पहिल्याच बैठकीत निघतो.

३. जमिनीवर आधी काय होतं

शाफ्टसाठी बहुधा मोकळी सरकारी जागा निवडतात: बाग, मैदान, जलाशयाचं आवार. मोकळी आहे म्हणून ती स्वच्छ आहे असं समजू नका. मुंबईत मोकळी जागा बरेचदा भराव घालून तयार झालेली असते, आणि भरावात काय घातलं हा खरा प्रश्न.

चेंबूरचंच घ्या. कुर्ला–चेंबूर रेल्वे १९०६ साली घातली ती शहराचा कचरा वाहून न्यायला. प्रवासी गाडी त्या मार्गावर १९२४ मध्ये सुरू झाली, आणि देवनारला कचरा १९२७ पासून पडतो आहे. पन्नासच्या दशकात ट्रॉम्बे–माहुल भागात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खतं आणि वीज. परळ-लालबाग म्हणजे गिरणगाव: बॉयलरची राख, रंगखाती, कोळशाचे ढीग. याचा अर्थ प्रत्येक जागा दूषित आहे असा नाही. पण त्या भागातला शाफ्ट तपासताना राख, तेल आणि धातू शोधायचे, हे तुम्हाला कार्यालयातून निघण्याआधीच माहीत पाहिजे.

कागद कुठले बघायचे? शहरात प्रॉपर्टी कार्ड आणि सिटी सर्व्हेचे नकाशे, गावठाण किंवा ठाण्या-भिवंडीकडे सात-बारा आणि फेरफार. विकास आराखड्याच्या जुन्या आवृत्त्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे, कारण त्यात बुजलेली तळी, ओढे आणि मिठागरं दिसतात. उपग्रहाची जुनी चित्रं साधारण २००० पासूनची फुकट मिळतात, ती वर्षावर वर्ष ठेवून बघा. मधल्या एखाद्या वर्षी मैदानावर काळा डाग किंवा डंपरची रांग दिसली तर ते वर्ष नोंदवा. पाचशे मीटरच्या परिघात पेट्रोल पंप, गॅरेज, लॉन्ड्री, मुलामा देणारे कारखाने, तेलवाहिन्या कुठे आहेत ते नकाशावर टाका. तेलवाहिन्यांचा नकाशा कंपनीकडे लेखी मागवा, तोंडी उत्तरावर थांबू नका.

४. पायी फिरणं

मोटारीतून जागा कळत नाही. सकाळी लवकर जा, मैदानावर माणसं असतात. कडेकडेने चाला आणि जमिनीकडे बघा. गवत ज्या पट्ट्यात उगवतच नाही तो पट्टा, मातीत चमकणारा काचेचा किंवा चिनी मातीचा चुरा, जमिनीतून वर आलेला आणि वाकवून ठेवलेला लोखंडी नळ (खाली जुनी टाकी असू शकते), गटाराच्या पाण्यावरची इंद्रधनुषी साय. ही साय काडीने तोडून बघा. तुकडे पडून तसेच राहिले तर ती लोहाच्या जिवाणूंची असते आणि काळजीचं कारण नाही. परत एकत्र येऊन पसरली तर तेल.

मग माणसांशी बोला. "इथं प्रदूषण आहे का?" असं विचारलंत तर एकतर "नाही" ऐकाल किंवा तासभर तक्रार. प्रश्न साधे ठेवा. "आजी, पावसात पाणी कुठवर चढतं इथं?" "काका, हे गॅरेज व्हायच्या आधी काय होतं?" "ही विहीर उन्हाळ्यात आटते का हो?" पायरीवर बसलेली आजी भिंतीवर हात ठेवून सांगते, "सव्वीस जुलैला इथवर होतं बघ." त्या हाताची उंची टेपने मोजा आणि फोटो काढा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशीची पाण्याची पातळी तुमच्या शाफ्टच्या कठड्याची उंची ठरवणार आहे, कारण शंभर मीटर खाली माणसं काम करत असतील आणि वरून पुराचं पाणी आत आलं तर त्यांना वर यायला एकच वाट असते.

बुजलेल्या विहिरींबद्दल मुद्दाम विचारा. मलेरियाच्या डासांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत कितीतरी विहिरी झाकल्या आणि बुजवल्या गेल्या. त्या कुठल्याही चालू नकाशात नसतात. जुन्या रहिवाशांना मात्र त्या कुठे होत्या हे पावलांच्या अंतराने सांगता येतं.

५. भूजल: इथे घाई करू नका

बोगद्याला आतून काँक्रीटचं अस्तर बसेपर्यंत तो जमिनीखालची मोठी मोरी असतो. आजूबाजूच्या भेगांतलं पाणी त्याच्याकडे धावतं आणि वरच्या विहिरी, बोअरवेल यांची पातळी खाली जाते. अस्तर झाल्यावर चित्र उलटतं. भरलेल्या बोगद्यात आतला दाब सहसा बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे गळती झालीच तर बाहेरच्या दिशेने होते. पण दुरुस्तीसाठी बोगदा रिकामा केला की बाहेरचं पाणी आत शिरू शकतं. हा पिण्याच्या पाण्याचा बोगदा आहे. वरच्या थरात तेल किंवा रसायन असेल तर ते आज नाही, वीस वर्षांनी लोकांच्या नळाला पोचू शकतं. भूजलाची तपासणी हा या कामाचा कणा आहे असं मी म्हणतो ते यामुळे.

आधी विहिरींची नोंदवही करा. बोगद्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, निदान काहीशे मीटर, प्रत्येक विहीर आणि बोअरवेल: अक्षांश-रेखांश, खोली, पाण्याची पातळी, वापर कशासाठी, कोणाची. सोसायट्या टँकर परवडत नाही म्हणून बोअरचं पाणी संडास-धुण्याला वापरतात. त्यांचं पाणी गेलं तर महिन्याचा खर्च वाढतो, आणि आधीची नोंद नसेल तर "तुमची बोअर आधीच आटली होती" असं ठेकेदार म्हणणार. पातळी दोनदा मोजा: मे अखेरीला आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. कामाचा आदेश जूनमध्ये निघाला तर उन्हाळ्याचं मोजमाप हुकतं आणि पुढच्या मेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून आदेश निघायच्या आधीच एवढं एक काम वेगळं काढून घ्यायला वरिष्ठांना सांगा. काही ठिकाणी कायमचे पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या, बसवा. त्यांची झाकणं कुलूपवाली असू द्या, मैदानातली उघडी नळी कचऱ्याने भरते.

आता खडक. भूतांत्रिक बोअरिंग चालू असतं, त्याचा अहवाल नंतर मिळेलच, पण कोअरची पेटी स्वतः उघडून बघा. पेटीत खडकाचे दंडगोल ओळीने मांडलेले असतात. ओल्या फडक्याने एक ओळ पुसा, सांधे लगेच उठून दिसतात. सांध्याच्या तोंडावर तांबूस गंजाचा डाग असेल तर तिथून पाणी वाहत आलं आहे. सांधा पांढऱ्या किंवा हिरवट खनिजाने, झिओलाइटने किंवा कॅल्साइटने भरलेला असेल तर तो बराचसा बंद आहे. प्रत्येक तांबूस सांध्याची खोली लिहून घ्या. पन्नास मीटर खालीही तांबूस सांधे सापडले तर वरचं पाणी तिथवर पोचतं, हे त्या दगडानेच सांगितलं.

मुंबईखाली एकसारखा पाषाण नाही. बेसॉल्टच्या थरांमध्ये ब्रेशिया (दगडाच्या तुकड्यांचा खडक) आहे, टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) आहे, काही ठिकाणी शेल (चिखलाचा पातळ थरांचा खडक) आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये गेरूसारखा लाल मातीचा पट्टा येतो. तो पाणी अडवतो, त्यामुळे त्याच्यावर पाण्याचा वेगळा साठा टिकून असतो, आणि ओला झाला की तो फुगतो. डाइक म्हणजे खडकात उभी घुसलेली लाव्ह्याची भिंत. तिच्या दोन बाजूंना भूजलाची पातळी वेगळी असू शकते. बोगद्याने ही भिंत भेदली की एका बाजूचं पाणी दुसरीकडे जातं आणि रेघेपासून बऱ्याच अंतरावरची विहीर आटते. म्हणून भूशास्त्राच्या नकाशावर डाइक दिसला की त्याच्या दिशेने नोंदवहीची हद्द वाढवा.

बोअरमध्ये लुजॉन चाचणी होते: ठरावीक तुकड्यात दाबाने पाणी भरून किती झिरपतं ते बघतात. दहा बार दाबाला मिनिटाला मीटरमागे एक लिटर म्हणजे एक लुजॉन. आकडा दहाच्या वर गेला तर त्या पट्ट्यात खोदण्याआधी ग्राऊटिंग, म्हणजे भेगांत दाबाने सिमेंट भरणं, मागा, आणि ते पर्यावरणाच्या अहवालात लिहा. ग्राऊटिंग म्हणजे बांधकामाची बाब असं समजून पर्यावरणवाले ते सोडून देतात. विहिरी वाचवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय तोच आहे.

६. माती आणि पाण्याचे नमुने

तिसऱ्या-चौथ्या पायरीत संशय आला तरच ही पायरी पूर्ण ताकदीने करायची. संशय नसेल तर शाफ्टच्या जागी दोन-तीन नमुने पुरतात.

नमुना भरावातून घ्या, भराव आणि मूळ जमीन यांच्या सांध्यातून घ्या, आणि भूजलाच्या पातळीजवळ घ्या, कारण तेल पाण्यावर तरंगतं. खालच्या घट्ट पाषाणातला नमुना स्वच्छच येणार, त्यावरून जागा स्वच्छ ठरत नाही. तेल आणि वाफाळणाऱ्या रसायनांसाठी गडद काचेची बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली चालते, त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) दोनच्या खाली आणतात. विहिरीतून किंवा पिझोमीटरमधून घेताना आधी साचलेलं पाणी उपसून टाका, नळीत मावणाऱ्या पाण्याच्या तिप्पट उपसलं की ताजं पाणी येतं. बाटलीवर जागा, खोली, वेळ आणि घेणाऱ्याची सही. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली त्याचा कागद प्रयोगशाळेपर्यंत बरोबर जाऊ द्या. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली हवी, आणि ज्या चाचण्या तुम्ही मागता त्याच चाचण्यांसाठी तिला मान्यता आहे का हे बघा. ही यादी संकेतस्थळावर असते, फारच थोडे जण उघडून बघतात.

दूषित माती सापडली तर? पहिला पर्याय शाफ्ट हलवणं. आराखडा कागदावर असेपर्यंत तीस मीटर सरकणं सोपं आहे, खोदाई सुरू झाल्यावर अशक्य. हलवता येत नसेल तर ती माती वेगळी खोदा, ताडपत्रीखाली वेगळी ठेवा आणि चाचणीत घातक ठरली तर तळोज्यासारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर पाठवा. शाफ्टचा वरचा भाग पक्क्या भिंतीने बंद करूनच खाली जायचं, म्हणजे वरचं दूषित पाणी खोदाईबरोबर खाली उतरत नाही.

७. हादरे, आवाज, धूळ: काम सुरू होण्याआधीची नोंद

सुरुंगाच्या हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकातल्या मर्यादा वापरतात. त्या जमीन हलण्याच्या कमाल वेगाच्या असतात: राहत्या घरांसाठी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ असेल तर १०, त्यावर १५. ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंना हेच आकडे २, ५ आणि १०. चाळी कागदोपत्री घरांत मोडतात. शंभर वर्षं उभ्या असलेल्या चाळीला मी स्वतः नाजूक वास्तूचीच मर्यादा लावा म्हणून सुचवतो. त्याने सुरुंगाचा प्रत्येक टप्पा लहान होतो, काम थोडं लांबतं, पण भिंती राहतात.

आकड्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरांची आधीची पाहणी. शाफ्टभोवतीच्या प्रत्येक घरात जाऊन भिंतींचे फोटो, प्रत्येक भेगेशेजारी पट्टी धरून, तारखेसह. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवा. भेग वाढली तर काच तडकते. घरमालकाची सही घ्या आणि एक प्रत त्यांना द्या. "ताई, ही भेग आज एवढी आहे, तुमच्याकडेही हा कागद ठेवा" एवढं बोलून दिलेला कागद पुढच्या दोन वर्षांतली भांडणं मिटवतो.

आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. परळ म्हणजे केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं. रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. मुंबईत काम सुरू व्हायच्या आधीच रात्री ही मर्यादा बहुतेक ठिकाणी ओलांडलेली सापडेल. तरी खरा आकडाच लिहा. काम चालू असताना किती भर पडली हे त्यावरूनच सिद्ध होतं. धुळीच्या नोंदीत पीएम १० आणि पीएम २.५ (१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) दोन्ही मोजा, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे अनुक्रमे १०० आणि ६० मायक्रोग्रॅम. पावसाळ्यात मोजलेली हवा स्वच्छ दिसते, म्हणून हिवाळ्यातली नोंद हवीच.

८. झाडं आणि मैदान

झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरचा घेर, फोटो. शाफ्टचं वर्तुळ एवढंच पाहून चालत नाही. क्रेन, दगडाचा ढीग, अवसादन (गाळ खाली बसवायची) टाकी, डंपर वळायची जागा मिळून कामाचं आवार कितीतरी मोठं होतं, आणि झाडं त्यात जातात. वडाच्या किंवा पिंपळाच्या मुळांवर दगड साठवला तर ते झाड न तोडताही मरतं.

मैदान काही वर्षं बंद राहणार असेल तर तिथे कोण खेळतं, कोण चालतं, कुठला गणपती आणि कुठली नवरात्र तिथे बसते याची नोंद करा. पर्यायी जागा कोणती, याचं उत्तर अहवालात नसेल तर जनसुनावणीत ते तुम्हाला उभ्या उभ्या द्यावं लागेल.

९. वर आलेला दगड आणि उपसलेलं पाणी

दगड कुठे जाणार? "ठेकेदार विल्हेवाट लावील" हे उत्तर स्वीकारू नका. टाकण्याची जागा स्वतः जाऊन बघा. सात-बारा मागा, मालकाची लेखी संमती मागा, आणि ती जमीन खाजण नाही ना, पलीकडे कांदळवन नाही ना, ओढ्याची वाट अडत नाही ना हे डोळ्यांनी तपासा. खोदलेला दगड बाहेर न्यायला महसूल खात्याचा गौण खनिजाचा वाहतूक परवाना लागतो. प्रत्येक डंपरच्या पावतीवर निघाल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही वेळा असाव्यात. बेसॉल्टचा चांगला दगड भरावाला आणि खडीला उपयोगी पडतो, तर तसा वापर आधीच ठरवा.

उपसलेल्या पाण्यात दगडाची पीठासारखी भुकटी आणि सिमेंट असतं. सिमेंटमुळे सामू अकरा-बाराच्या घरात जाऊ शकतो. असं पाणी थेट पर्जन्यजल वाहिनीत सोडलं तर वाहिनी गाळाने भरते आणि पुढे खाडीत मासे मरतात. एकामागे एक अवसादन टाक्या, सामू उतरवण्याची सोय, आणि वाहिनीत सोडण्याआधी रोज मोजणी. टाक्यांसाठी जागा आराखड्यात आजच राखून घ्या. आवार भरल्यावर ती मिळत नाही.

१०. अहवाल, आणि बोगद्याची नोंद

अहवालातल्या प्रत्येक उपायापुढे तो कोण करणार, कधी करणार आणि पैसे निविदेच्या कुठल्या बाबीत आहेत हे लिहा. "धूळ नियंत्रण करावे" असं वाक्य असेल आणि निविदेत पाणी मारण्याच्या टँकरची बाब नसेल तर टँकर येणार नाही. विहीर आटली तर पर्यायी पाणी कोण आणि किती दिवसांत देणार, हेही रकमेसह.

शेवटचं काम बहुतेक अहवालांत नसतंच. गुंदवलीहून भांडुप संकुलापर्यंत येणारा बोगदा सुमारे १५ किलोमीटर लांब आणि साडेपाच मीटर व्यासाचा आहे. ठाण्यात बोअरवेल खोदताना त्याला भोक पडलं आणि गळती लागली. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. खाली शहराचं पाणी वाहतंय, हे खोदणाऱ्याला कळेल अशी सोय जमिनीवर नव्हती.

म्हणून बोगद्याची प्रत्यक्ष खोदलेली रेघ, खोली आणि दोन्ही बाजूंचा बोअरबंदीचा पट्टा अक्षांश-रेखांशासह एका नकाशावर काढा. तो मुंबई महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाला, वॉर्ड कार्यालयांना, जिल्हाधिकाऱ्यांना, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला, आणि रेघ हद्दीबाहेर जात असेल तर ठाणे किंवा भिवंडीच्या महापालिकेलाही लेखी द्या. बोअरवेल खोदणाऱ्या यंत्रांचे मालक त्या भागात कोण आहेत ते शोधून त्यांनाही मराठीत छापलेला नकाशा द्या, कारण परवानगी न घेता खोदणारा महापालिकेचा नकाशा बघायला येत नाही. प्रत्येकाकडून पोचपावती घ्या आणि त्या पावत्या अहवालाच्या परिशिष्टात लावा.